तंजावर पाहून आलेली व्हीलचेअर

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात, प्रतापराव आणि सुचित्राबाई यांच्या गराजमध्ये माझा मुक्काम असतो. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. डावा ब्रेक जरा हट्टी आहे, एवढंच. बाकी मी ठणठणीत आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. सीटखालचं लेबल कधीच पुसलं गेलं. आठवतं ते दुकान, आणि तिथून मला घरी घेऊन आलेली अदिती. अदिती ही या दोघांची मुलगी. आईचे गुडघे पार कामातून गेले म्हणून तिने मला आणलं. मी केवढ्या आशेने त्या घरात शिरले होते! आणि सुचित्राबाईंनी मला पाहताच तोंड फिरवलं.

"अदिती, मी डॉक्टर आहे. आयुष्यभर मी पेशंटना यात बसवलं. मी नाही बसायची. रिटर्न कर."

रिटर्न कोण करतंय! मी राहिले. माझ्यावर तांदळाची पोती बसली, धुतलेल्या कपड्यांची बास्केट बसली, मंडळाच्या गणपतीला दीडशे मोदकांचे ट्रे बसले. बाई तेवढ्या बसल्या नाहीत. मला असा राग यायचा! पण खरं सांगू? चालताना त्या आधाराला मलाच धरायच्या. कुणी पाहिलं की म्हणायच्या, "सामान ढकलतेय." ही लबाडी मी कुणाला सांगितली नाही. माणूस हट्टी असलं तरी आपलंच असतं.

बाई तीस वर्षं दर रविवारी मराठी शाळेत शिकवत होत्या. दर वर्षी मुलांना सांगायच्या, "तिकडे दूर तमिळ मुलखात तंजावरला मराठी राजांनी राज्य केलं. तिथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर आपल्या मराठीत त्यांचा इतिहास कोरलाय." सांगायच्या अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं, पण त्यांनी तो पाहिलाच नव्हता. आधी हॉस्पिटल, मग मुलं, मग गुडघे. एकदा स्वतः तिथे उभं राहून तो वाचायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

गेल्या डिसेंबरात शेवटी तिकिटं काढली. सोबत अदितीची मुलगी अनिका होती. एकोणीस वर्षांची, ट्रॉयमध्येच जन्मलेली, मराठी समजणारी आणि इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. मला घेऊ नका म्हणून बाईंनी खूप आकांडतांडव केलं. प्रतापराव म्हणाले, "असू दे गं, पिशव्या ठेवायला होईल." अशी मी पिशव्यांसाठी विमानात चढले.

तंजावरात पहिल्या दिवशी राजवाडा होता. दरबाराच्या रंगीत कमानी दिसल्या आणि बाई मला धरून तिथपर्यंत कशाबशा पोचल्या. मग मटकन पायरीवर बसल्या. "तुम्ही बघून या. राजवाडे काय, सगळे सारखेच."

प्रतापराव आणि अनिका आत गेले. ब्राँझच्या मूर्ती, जुन्या पोथ्या, सगळं पाहून आले. मी बाईंजवळच होते. ती दोघं ज्या दारातून आत गेली त्या दाराकडे त्या एकटक बघत होत्या. मग ओढणीने डोळे पुसले. नवरा परत आल्यावर म्हणाल्या, "अहो, उद्या देवळातही मी बाहेरच बसेन. भिंतीचे फोटो काढून आणा." मला इतकं वाईट वाटलं! एवढ्या वर्षांची हौस, आणि पाहायचे ते फोटो?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या. बाई कट्ट्यावर बसल्या. अनिकाने माझ्यावरच्या पिशव्या उतरवल्या.

"आजी, प्लीज सिट."

"नाही म्हटलं ना! लोक काय म्हणतील?"

"व्हॉट लोक? वी डोन्ट नो एनीवन हिअर!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. अनिका त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि चक्क मराठीत बोलायला लागली. "आजी, मी तुझी शाळा तिसरीत सोडली. फोटो आणला तरी मला वाचता नाही येणार. तू नाही आलीस तर मला कोण वाचून दाखवणार?"

"आजोबांना सांग."

"मला बारीक अक्षर कुठे दिसतंय?" प्रतापराव म्हणाले. धादांत खोटं! आदल्याच दिवशी ते गाडीतून दुकानांच्या पाट्यांवरचे बारीक फोन नंबरसुद्धा वाचत होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "पण हिची चाकं? गावभर फिरलीत. आपण चपला काढायच्या आणि ही तशीच आत?"

अनिका उठली. मला नळाशी नेलं. मोठी चाकं धुतली, पुढची छोटी चाकं धुतली, आसात गुंतलेले केस बोटांनी ओढून काढले आणि आपल्या नव्या ओढणीने मला कोरडं केलं. एवढ्या वर्षांत मला कुणी असं हात लावून धुतलं नव्हतं हो. मी अगदी गलबलून गेले. "डन," ती म्हणाली, "हिनेपण चपला काढल्या."

आणि सुचित्राबाई बसल्या. तांदळाच्या पोत्यांची सवय झालेली मी, मला त्यांचं काही ओझंच वाटेना.

आतलं ते दगडी अंगण, ते उंच शिखर! बाई मान वर करून "अगं बाई" एवढंच म्हणत राहिल्या. पुढे ओवरीपाशी प्रतापराव, अनिका आणि एका रखवालदाराने मला बाईंसकट उचलून वर ठेवलं. समोर भिंत होती, आणि तिच्यावर अक्षरंच अक्षरं.

बाईंनी चष्मा पुसला. हवेत बोट फिरवत शाळेतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. मराठी जुनी होती. मधेच अडल्या. "हे काय बाई लिहिलंय?"

अनिका त्यांच्या खांद्यावरून वाकली. "रा... आणि जा. राजा! आजी, राजा!"

"शाब्बास!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. प्रतापराव उगीचच पाण्याची बाटली शोधायला लागले.

मी तिथेच थांबले होते. ओळ मात्र भिंतीवर पुढे चालली होती. बाईंनी माझ्या हातावर थाप मारली. "अगं अनिका, थांबलीस काय? ढकल ना पुढे! अजून खूप वाचायचंय."

मित्रांनो, घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिची चाकं पुसा, ब्रेकला तेल द्या. पण खुर्ची आणून ठेवली म्हणजे माणसाची काळजी घेतली, असं समजू नका. ते बसत नसेल तर "बस, बस" म्हणून त्याला पिडू नका. त्याचं काय बघायचं राहिलंय, ते विचारा. आणि म्हणा, "मला एकट्याला नाही समजणार, तू चल."