डाव्या दाराची गाडी

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या ओहायोतली एक जुनी गाडी आहे. हसू नका. नाकावर जपानी नाव आहे म्हणून जन्मगाव बदलत नाही. माझा सांगाडा ओहायोत जोडला, रंग तिथेच चढला आणि माझं डावं दार टॉड काझ्मरेक नावाच्या पोरसवदा कामगाराने आपल्या हातांनी बसवलं. दार नीट बसलं की नाही हे तो कान लावून ऐकायचा. माझं दार लावून पाहिलं आणि म्हणाला, "ही आईला देणार."

त्याने मला विकत घेतलं आणि मिशिगनला आईच्या दारात नेऊन उभं केलं. डोरीनबाईंना कोण आनंद झाला! टॉडचे वडील लिओ मात्र बाहेरसुद्धा आले नाहीत. त्यांचा जन्म गाड्यांच्या कारखान्यात गेला होता, तोही पक्क्या युनियनवाल्या कारखान्यात. पुढे तिथलं काम देशाबाहेर गेलं, कारखान्याला कुलूप लागलं आणि पोरगा परक्यांच्या कारखान्यात गेला, जिथे युनियनला पाऊल ठेवायची सोय नव्हती. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं.

मी मात्र इमानाने राबले. बर्फात कधी अडून बसले नाही. शुक्रवारी युनियनच्या हॉलवर मासे तळायला डोरीनबाई माझ्यातूनच जात. तिथल्या अंगणात मला मज्जाव होता. परदेशी गाडी लावल्यास ओढून नेऊ, असा फलकच होता. म्हणून मी पलीकडे चर्चपाशी उभी राहायची आणि बाई तेलाचे डबे हातात घेऊन रस्ता ओलांडायच्या. त्यांच्या हातचे मासे सगळे चवीने खायचे. डबे उचलायला मात्र कुणी उठायचं नाही.

दर उन्हाळ्यात युनियनची सहल निघे. कील्बासा, म्हणजे मसालेदार सॉसेज भाजायचा, बिअर प्यायची आणि मधोमध एखादी परदेशी गाडी ठेवून घणाने फोडायची, ही जुनी रीत. त्या वर्षी फोडायला गाडीच मिळेना. लिओंचा जुना सोबती हर्ब सगळ्यांसमोर म्हणाला, "लिओ, तुझ्या घरात आहे की एक. का सूनबाईसारखी जपतोस तिला?"

सगळे फिदीफिदी हसले. लिओंचे कान लाल झाले. गाडीचे कागद त्यांच्याही नावावर होते. सहलीच्या सकाळी बायको कोबीची कोशिंबीर करण्यात गुंतलेली असताना त्यांनी किल्ली उचलली.

डोरीनबाई शेजारणीच्या गाडीतून मैदानावर पोचल्या तेव्हा माझ्या काचेवर लाल रंगाने फुली मारलेली होती. नेमकं त्याच दिवशी त्यांनी टॉडला गुपचूप बोलावलं होतं. बापलेक एकदा समोरासमोर बसून जेवतील, एवढीच त्यांची आशा. त्यांनी माझं दार उघडलं. आत चौकटीवर गाडी कुठे बनली त्याची पट्टी असते. ती त्यांनी मोठ्याने वाचली. मग माझ्या शेजारी हर्बने आणून उभ्या केलेल्या, नवऱ्याच्या पिकअपचं दार उघडलं आणि तिचीही वाचली.

"ही ओहायोची. आणि ही तुमची लाडकी, मेक्सिकोची. तुमचं काम जिथे गेलं ना, तिथलीच. आता सांगा, कुठली फोडायची?"

हसणारे पिकअपकडे बघायला लागले. मला वाटलं, सुटले. लिओंनी घण खालीसुद्धा ठेवला होता. तेवढ्यात हर्ब म्हणाला, "अहो वहिनी, पिकअपवरचं नाव तर आपलं आहे ना." सगळ्यांना हायसं वाटलं. पुन्हा हसणं सुरू झालं आणि लिओंनी घण उचलला.

गर्दीच्या मागे टॉड उभा होता. आईला आवडतो म्हणून चेरी भरून भाजलेला गोड 'पाय' ताटलीत घेऊन आला होता. तो पुढे आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, डावं दार मी बसवलंय. सुरुवात तिथून करा."

लिओंनी त्याच्याकडे पाहिलं. मग हर्बकडे पाहिलं. मित्रांनो, लिओ हा माणूस वाईट नव्हता हो. पण चारचौघांत हसं होण्याची भीती त्याला पोरापेक्षा मोठी वाटली. पहिला घाव डाव्या दारावर पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टॉडने ती ताटली गवतावर ठेवली आणि आईला हाताला धरून आपल्या गाडीकडे नेलं. डोरीनबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

आता मी भंगारात पडले आहे. परवा लिओ आले होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. भंगारवाल्याने विचारलं, कुठला भाग हवाय?  ते डाव्या दाराची मूठ धरून ओढत राहिले. एक पाय माझ्या अंगाला लावून ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. भंगारवाला म्हणाला, "सोडा आजोबा, चौकटच चेपलीय. कुठल्या गाढवाने मारलंय कोण जाणे."

मित्रांनो, गाडीला जपा, धुवा, तेलपाणी करा, असं सगळ्याच जुन्या गाड्या सांगतात. मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. कुणी टाळ्या वाजवायला जमले, तरी हातातला घण खाली ठेवता आला पाहिजे. मला त्या म्हाताऱ्यासाठी उघडायचं होतं. खरंच उघडायचं होतं. पण ते दार आता उघडत नाही.