कागदावर न जळालेलं घर

घर पेटलं तेव्हा बसंतीबाईनं बैल सोडले, शेजारच्या धुरपताबाईनं बकऱ्या हाकलल्या, आणि घरधनी धावजी राठोड आगीत घुसून काय घेऊन आला, तर एक कागद. त्यापायी उजवा हात कोपरापर्यंत भाजून घेतला. चुलीतली ठिणगी मागच्या भिंतीला रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर पडली होती, छपरावरचे मातीचे कवेलू फटाफट फुटत होते, आणि हा बहाद्दर अंगणात उभा राहून म्हणत होता, "कागद वाचला."

तो कागद म्हणजे घराचा विमा. महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं, पण पांढरकवड्याच्या आसपास कोण्या तांड्यात कोणी घराचा विमा काढल्याचं ऐकिवात नव्हतं. धावजीनं काढला तो निव्वळ खुन्नस म्हणून. तीन वर्षांमागं दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडावरून त्याचं चुलतभावाशी, प्रेमसिंगाशी वाजलं. भर पंचायतीत प्रेमसिंग बोलून गेला, "वखत आला का तांडा उभा राह्यते पाठीशी, मोहाचं झाड नाही." धावजीला ते असं झोंबलं की कापूस विकल्याबरोबर तो तडक यवतमाळला गेला आणि विमा काढून आला. "मले कोणाची गरज नाही. माह्या पाठीशी कंपनी आहे," असं तो बैलांनाही ऐकवायचा. प्रेमसिंगाशी बोलणं तेव्हापासून बंद.

भाजलेला हात घेऊन धावजी दहा दिवस यवतमाळच्या दवाखान्यात पडून राहिला. बायको बसंतीबाई बैलांपायी तांड्यातच थांबली. दहा दिवसांनी हा एसटीतून उतरला, तांड्यात शिरला, आणि स्वतःच्याच दारात येऊन चुकल्यासारखा उभा राहिला. घर उभं होतं. भिंती सारवलेल्या, वर कवेलू, दाराला आंब्याची पानं.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. तांड्याची रीतच तशी होती. जळालेल्या घराची राख आठ दिवसांच्या वर अंगणात दिसू द्यायची नाही. विकत आणून द्यायचं नाही, प्रत्येकानं आपल्या घरावरचं काढून द्यायचं, म्हणजे दुसऱ्याच्या आगीची झळ आपल्यालाही थोडी लागते. आणि कोणी काय दिलं ते कोणी बोलायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही.

"अरे, पण कंपनीचा साहेब येणार होता ना पाहायले," धावजी म्हणाला.

"येऊ दे ना," तांड्याचा नाईक देवसिंग म्हणाला. म्हातारा साधा माणूस. "चांगलं घर दाखवू त्याले."

आणि दाखवलं. आठवड्यानं पांढरीपांडे नावाचे सर्व्हेअर डोक्यावर टोपी, काखेत छत्री अशा थाटात आले. "जळालेलं घर कुठंय?" त्यांनी विचारलं. "हेच," सगळे म्हणाले. साहेबांनी छत्रीच्या टोकानं भिंत ठोकली, वर पाहिलं, खाली पाहिलं, गुळाचा चहा प्यायला आणि निघून गेले. पंधरा दिवसांनी पत्र आलं. पांढरकवड्याच्या पोस्टमास्तरनं वाचून दाखवलं: जागेवर घर सुस्थितीत आढळले, सबब दावा नामंजूर.

धावजीच्या पायाखालची जमीन सरकली. मृगाला महिना राहिला होता आणि तांड्यातल्या चाळीस घरांवर एकेका ठिकाणी आकाश दिसत होतं. जिथून त्याच्यासाठी कवेलू काढले होते, तिथंच. कंपनीचे पैसे आले की नवे कवेलू, नवं लाकूड आणून घरोघर पोचवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मग कोणी बोट दाखवायला नको. आता पाऊस चाळीस घरांत शिरणार आणि प्रत्येक घरातली बाई भांडं मांडताना त्याचंच नाव घेणार. ज्या माणसानं कोणाचं काही नको म्हणून कंपनी पाठीशी उभी केली, त्याच्या डोक्यावर आख्ख्या तांड्याचं छप्पर होतं.

एवढ्यातही त्याला गंमत सुचायची ती एकाच गोष्टीची. प्रेमसिंगाच्या घराचं छप्पर मधोमध बसलं होतं, मरतुकड्या म्हशीच्या पाठीसारखं. खालून बांबूचे टेकू दिले होते. "पाहा," धावजी बायकोला म्हणायचा, "तांडा पाठीशी आहे म्हने, आन् घराची कंबर मोडली." बसंतीबाई एरवी एकाला चार ऐकवणारी बाई. यावर मात्र ती भाकरी थापत राहायची.

धावजी यवतमाळला साहेबांच्या कचेरीत जाऊन धडकला.

"साहेब, घर जळलं होतं."

"असेल. मी आलो तेव्हा जळलेलं नव्हतं. डोळ्यांना दिसतं तेच मी लिहितो. ऐकीव लिहायला लागलो तर कंपनी मला घरी बसवेल."

"मंग हा हात तरी पाहा."

"हाताचा विमा नाही तुझा," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, कंपनीचा होता. डायरी चाळून म्हणाले, "शुक्रवारी जिनिंगवरची कापसाची जळालेली गंजी पाहायला पांढरकवड्याला येतोय. वाटेत थांबतो. पण तेव्हा वेगळं काय दिसणार आहे?"

ते धावजीलाही कळेना. संध्याकाळी नाईकाच्या ओसरीवर त्यानं सगळं सांगितलं. पुरुषांनी बिड्या ओढल्या आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी बसंतीबाई बोलली.

"तो म्हन्ते ना, दिसते तेच लिहितो, मंग दाखवा त्याले. चाळीस घरांचं चाळीस घरांनी काढून न्यावं. उरंल ते आमचं. ते लिहून घे म्हना."

"दिलेलं वापस घ्याची रीत नाही, बाई," देवसिंग म्हणाला.

"वापस कायले? साहेबाच्या डोळ्यापुरतं. तो गेला का आनून ठेवा."

देवसिंगानं एक आख्खी बिडी संपेस्तोवर विचार केला. मग म्हणाला, "साहेबाच्या डोळ्यापुरतं चालते."

शुक्रवारी साहेब आले तेव्हा सगळा तांडा धावजीच्या अंगणात जमला होता. त्यांना बाजेवर बसवलं, हातात चहा दिला. चहा निवायच्या आत माणसं छपरावर चढली. बायका टोपल्या घेऊन खाली रांगेनं उभ्या राहिल्या. धुरपताबाईनं आपले कवेलू मोजून घेतले, वर फुटक्या एकासाठी भांडण केलं. वासे गेले, बांबू गेले, दार गेलं, खिडकी गेली. भिंतीवरचं सारवण खरवडलं तर आतून भिंत काळीकुट्ट. उकिरड्यातून जळकी लाकडं ओढून आणून टाकली. साहेबांचा चहा तसाच राहिला.

आता भिंतींवर छपराचा कणा, एकटं आढं, उरलं होतं. आख्खं सागवानी, चांगलं सोळा हात. त्याला कोणी हात लावेना.

"हे कोनाचं?" धावजीनं विचारलं.  त्यानं बसंतीबाईकडं पाहिलं, तर ती दुसरीकडेच पाहत होती.

मग गर्दीच्या मागून प्रेमसिंग आला. धावजीकडं न पाहता भिंतीवर चढला आणि आढ्याचं एक टोक खांद्यावर घेतलं. दुसऱ्या टोकाला देवसिंगाचे दोन नातू लागले. आढं जमिनीवर आलं. धावजीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा समोरच्या त्याच्या घराकडं, बांबूच्या टेकूवर बसलेल्या छपराकडं. महिनाभर आपण कशाला हसत होतो ते त्याला आता कळलं. लाज अशी वाटली की भाजलेला हात कुठं लपवावा सुचेना.

"काहून सांगितलं नाही?" तो बायकोला म्हणाला.

"सांगाचं नसते," ती म्हणाली. "आन् तुमी हसण्यातून मोकळे होता कुठं?"

साहेब उठले. काळ्या भिंतींभोवती एक चक्कर मारली, बाजेवर येऊन बसले आणि लिहिलं: घर पूर्णतः जळालेले, सबब संपूर्ण दावा मंजुरीस योग्य. "ये धावजी, इथं अंगठा दे. मला गाडी गाठायची आहे."

धावजी वाकून आढ्याचं दुसरं टोक धरत होता.

"इकडं कुठं?" प्रेमसिंग म्हणाला. तीन वर्षांतलं पहिलं बोलणं. "साहेब गेला का हे इथंच चढवाचं हाय."

"इथं नाही. तुह्या घरावर. कंपनीचे पैसे आले का मी माह्यं आनतो."

"आन् तोवर?"

"तोवर तुह्या ओसरीत झोपतो. जागा नसंल तर सांग."

प्रेमसिंगानं आढं उचललं. "हात जपून लाव," तो म्हणाला. "कागद नोहे हा."

"धावजी, अंगठा," साहेब पुन्हा म्हणाले.

"थांबा साहेब. कागद कुठं पळून जाते?"

आढं घेऊन दोघं निघाले. पांढरीपांडे साहेब मांडीवर फॉर्म घेऊन बाजेवर बसून राहिले, आणि बसंतीबाईनं त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवला.