वरची साखर

तिनं चमच्यातल्या लापशीचा एक थेंब मनगटावर टाकला आणि मान हलवली. अजून गरम होती. खोक्यातल्या दोघांना हे कुठलं पटायला! पोपटाची पिल्लं म्हणून ओळखावीत तर अंगावर धड पीस नाही, डोकी टकली, डोळे अर्धे मिटलेले आणि चोची मात्र उघड्या त्या उघड्याच.

"अरे हो, हो! कुठं गाडी पकडायचीय का तुम्हाला?" ती म्हणाली. "तोंड भाजलं म्हणजे कळेल."

तिनं फुंकर घातली, पुन्हा थेंब टाकून पाहिला आणि चमचा वाटीच्या काठावर दोनदा टेकवला. टिक टिक. जास्तीची लापशी खाली ओघळली आणि खोक्यातली दोन्ही डोकी एकदम वर आली.

चमचा त्याचा होता, आणि टिक टिकही त्याचीच. तिचा नवरा चष्मे करायचा. दर वर्षी कुठलं तरी झाड पडे, कुणीतरी एखादं पिल्लू रुमालात गुंडाळून त्याच्या दुकानात आणून देई, आणि तो भिंगांचे बारीक स्क्रू पिळणाऱ्या त्याच बोटांनी त्याला भरवायला बसे. चमच्याच्या दोन्ही कडा आत वळवून त्यानं चोचीच्या मापाची पन्हाळी केली होती. लेकीला तो शेजारी बसवून घ्यायचा. हिला मात्र दारातच थांबावं लागे. हिची नोकरी टेलिफोनच्या कचेरीत, दिवसभर बोलण्याची, आणि घरी आल्यावरही तोंडाला विश्रांती नाही. "तू बोलून बोलून त्यांना माणसात आणशील," तो म्हणायचा. मग ही दाराला टेकून बघत राहायची, तेही मुकाट्यानं नाही.

तो गेल्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. या वेळी रस्त्यावरचं वठलेलं झाड कापलं, तेव्हा खालचा सायकलवाला फांदीचा पोकळ तुकडाच आतल्या दोन पिल्लांसकट उचलून वर घेऊन आला.

"काका असते तर त्यांच्याकडेच नेलं असतं," तो दारात अवघडून म्हणाला. "तुम्हाला जमेल का, काकू?"

"न जमायला काय झालं? जन्मभर बघितलंय."

दार लावून तिनं आधी नवऱ्याचा चमचा शोधून काढला. दारातून बघितलंय, एवढं काही ती त्याला बोलली नव्हती.

पण जमलं. गळ्याखालची थैली बोटानं चाचपायची, ती रिकामी झाल्याशिवाय पुढचा घास नाही; लापशी फार गरम नको, निवलेली तर मुळीच नको. सगळं हळूहळू आठवत गेलं. पिल्लांचे डोळे उघडले. अंगभर दात कोरायच्या काड्या टोचल्यासारखे पिसांचे कोंब आले, आणि एका सकाळी बघते तर काय, दोघंही हिरवीगार. जी आधी खायची तिला ती थोरली म्हणू लागली. धाकटा हट्टी होता. चमचा दोनदा वाजल्याशिवाय तो चोचच उघडत नसे. अगदी लाडोबा झाला होता.

मग एक दिवस दोघांनी खाणंच टाकलं. चमच्याकडे पाठ फिरवून नुसते पंख झाडत बसली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं लेकीला फोन लावला.

"अगं आई, आजारी नाहीत ती," लेक म्हणाली. "उडायच्या आधी खाणं कमी करतात. अंग हलकं व्हायला नको का? बाबांच्या वेळीही असंच व्हायचं."

"मला कसं माहीत नाही मग?"

"तू दारात असायचीस ना."

त्यात चुकीचं काही नव्हतं, तरी फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग उठून तिनं स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. थोरली गजावर बसली, इकडं तिकडं पाहिलं आणि समोरच्या झाडावरच्या थव्यात जी गेली ती गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. शहाणी बाई! दुपारी धाकटाही गेला. रिकामं खोकं उचलताना तिला रडू आलं. घर पुन्हा खायला उठलं.

सकाळी तिनं चहा केला. कपात ओतला, वरून एक चमचा साखर घातली, ढवळली, चमचा काठावर टेकवला. टिक टिक. फडफड झाली आणि धाकटा खिडकीत हजर, चोच उघडून!

"आलास? माझ्या राजा, आलास तू?" तिला हसावं की रडावं कळेना. तिनं घाईघाईनं लापशी कालवली.

खोटं कशाला बोला, दुसऱ्या दिवशी तिनं चहाची इच्छा नसतानाही चहा केला. तिसऱ्या दिवशी दोनदा. दिवसभर तो कुठंही असो, टिक टिक झाली की खिडकीत. तिच्या बोलण्याला आता कुणीतरी मान वाकडी करून ऐकणारं होतं. भाजीवाल्यानं कसं फसवलं, लेकीचा फोन कसा आला नाही, सगळं सगळं ती त्याला सांगे.

चहाची वेळ मात्र आणखी एका जिवाला पाठ झाली होती. सायकलवाल्याची मांजर आधीपासूनच खिडकीलगतच्या भिंतीवर येऊन बसू लागली होती. एका सकाळी टिक टिक झाली, धाकटा आला आणि त्याच्या मागोमाग भिंतीवरून मांजरीची झेप आली. किंकाळी, फडफड, कप फुटल्याचा आवाज. तिनं ओल्या फडक्यानं मांजरीला हाणलं तेव्हा खिडकीत शेपटीची दोन लांब पिसं पडली होती. धाकटा कपाटावर बसून थरथरत होता.

आरडाओरडा ऐकून सायकलवाला धावत वर आला. त्याचा चेहरा पडला.

"माझीच मेली. बांधून ठेवू का तिला?"

"मांजर बांधून ठेवतोस? ठेवून दाखव."

तो कसनुसा हसला, मग कपाटाकडे बघत म्हणाला, "आज शेपटीवर निभावलं, काकू. याला भीतीच राहिली नाही. पिंजरा आणून देऊ? निदान जीव तरी वाचेल."

तिनं खिडकीतली पिसं उचलली. या घरात इतकी पाखरं वाढली, पण पिंजरा कधी आला नव्हता.

"पिंजरा नको," ती म्हणाली. "मी बघते काय करायचं ते."

करायचं काय ते सोपंच होतं. चमचा वाजवायचा नाही, भरवायचं नाही, की तो यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चहात साखर घातली, जपून ढवळली, चमचा अलगद उचलला. टिक टिक. तिचाच हात! खिडकीत धाकटा आणि भिंतीवर मांजरीचे कान एकदमच दिसले. तिनं फडकं आपटून दोघांनाही पळवलं. संध्याकाळी मनाशी पक्कं ठरवून बसली, तरी पुन्हा तेच. हात कुठं ऐकायला तयार होता!

ही सवय तरी मूळची तिची कुठं होती? चहात दोघांपुरती साखर असायचीच, पण त्याला वरून आणखी एक चमचा लागे. ढवळायचा आणि काठावर टिक टिक करायचा. तो गेल्यावर ही वरची साखर तिनं घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर रागावले. त्यांना काय सांगणार? सकाळी तेवढा आवाज झाला की स्वयंपाकघरात कुणी असल्यासारखं वाटतं, हे काय सांगण्यासारखं होतं?

शेवटी तिनं साखरेचा डबाच वरच्या फळीवर ठेवून दिला. साखर नाही तर चमचा नाही, चमचा नाही तर आवाज नाही. वरच्या साखरेवाचून तिनं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप तसाच हातात राहिला.

दर वर्षी याच सुमाराला तोही हे करायचा. पाखरं उडाली की काही दिवस कप पुढं ओढून म्हणायचा, "वरची साखर नको."

"का? माझा चहा आज एकदम गोड झाला वाटतं?" ती फणकारायची.

तो नुसता हसायचा. की झालं, हिचा अबोला! एकदा तर तिनं त्याच्या देखत त्याच्या कपातला चहा मोरीत ओतला होता. वर्षातून एकदा हा माणूस आपल्या चहाला नाव ठेवतो, हे तिच्या मनात कायमचं बसलं होतं. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना हसत हसत सांगितलंही होतं तिनं, आणि पाहुण्यांसमोरही तो काही बोलला नव्हता.

म्हणजे त्याचाही हात ऐकत नव्हता.

"अहो, सांगायचं तरी," ती समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

मग तिचं तिलाच हसू आलं. सांगायला तिनं त्याला आपल्या बोलण्यात जागा तरी कधी ठेवली होती! हसता हसता डोळे भरून आले. तो फिका चहा तिनं शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

धाकटा सहजासहजी गेला नाही. समोरच्या फांदीवर बसून खिडकीकडे तोंड करून ओरडत राही. ती हात मांडीखाली दाबून बसे आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही बोलत नसे. एकदा तर उठून तिनं डबा खाली काढला आणि परत ठेवला. पुढं त्याचं ओरडणं थव्याच्या ओरडण्यात मिसळलं. कुठला आवाज त्याचा, हे तिला ओळखू येईना.

थंडी सुरू झाल्यावर लेक चार दिवस राहायला आली. सकाळी दोघी खिडकीजवळ बसल्या. लेकीनं शोधून डबा खाली काढला, आपल्या कपात वरून एक चमचा साखर घातली, ढवळली आणि बोलता बोलता चमचा काठावर टेकवला.

टिक टिक.

तिनं कप खाली ठेवला. समोरच्या झाडावर थव्याचा कालवा चालला होता. भिंतीवर मांजर पाय पसरून झोपली होती. तिनं खिडकीकडे बघत वाट पाहिली. कुणी आलं नाही.

"काय झालं गं?" लेकीनं विचारलं.

"काही नाही." तिनं आपला कप लेकीपुढं सरकवला. "मलाही वरची साखर घाल."

"डॉक्टरांनी नको म्हटलंय ना तुला?"

"एकच चमचा. आणि तूच ढवळून दे."