रबरबँडवाला म्हातारा

त्या शनिवारी सकाळी आर्विडच्या बाकावर पंधरा रिकाम्या पितळी पुंगळ्या, पंधरा गोळ्या, बंदुकीच्या दारूचा एक डबा, एक तराजू आणि दोन प्रेस होते. मित्रांनो, त्यांतला रंग उडालेला तो मी. मी रायफलची काडतुसे घरी भरण्याचा एक जुना प्रेस आहे.

मी ओतीव लोखंडाचा. मोंटानातल्या या शेडमध्ये आर्विड ट्वाइटने मला बाकावर आवळले, तेव्हा त्याची लेक सिग्ने पाळण्यात होती. माझे काम साधे. तरफ ओढली की माझा दट्ट्या पुंगळीला वर नेतो आणि तिच्या तोंडात गोळी बसते. एका वेळी एकच. "म्हातारा चुकत नाही," असे आर्विड पाहुण्यांना सांगे. तो स्वतःचेच कौतुक करतोय, असे त्यांना वाटे.

आता सिग्नेला जिल्ह्याच्या नेमबाजी संघात जागा हवी होती. रविवारी निवड होती आणि अट होती, शंभर यार्डांवर पाच गोळ्या पाऊण इंचाच्या आत. तिने फिरत्या तबकडीचा एक चकचकीत प्रेस आणला.

"बाबा, दोघांवर पाच-पाच भरू. ज्याच्या गोळ्या जवळ पडतील, त्याच्यावर उद्याच्या पाच भरायच्या. दुसरा भंगारात."

"आणि माझी रवानगी कुठं?"

"तू कॉफी कर."

परीक्षा निष्पक्ष व्हावी म्हणून तिने मला तेल लावून पुसले. तेवढ्यात माझ्या दट्ट्याच्या टोकाला गुंडाळलेला रबरबँड तिला दिसला. "शी! हे काय गबाळं!" तो काढून तिने मूळची पोलादी क्लिप बसवली.

माझा दट्ट्या झिजून किंचित कलला आहे. क्लिपने पुंगळी घट्ट धरली की तीही कलते आणि गोळी तिरपी बसते. रबरबँड तिला जरासे हलू देई. मग ती आपोआप मधोमध येई. पण हे सांगायला मला तोंड कुठे आहे? पाचही गोळ्या तिरप्या बसताना मला जाणवत होत्या.

मागच्या कुरणात निशाण लावले. वारा नव्हता. नव्याच्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतले अंतर ०.९१ इंच. माझे १.४६.

सिग्नेने पाना घेऊन माझा पहिला बोल्ट काढला. आर्विड कॉफी घेऊन आला आणि सवयीने त्याने माझ्या दट्ट्यावर बोट फिरवले.

"रबर कुठाय?"

"ब्रोकोलीच्या जुडीचा तो? फेकला."

"अगं बये! म्हाताऱ्याला परीक्षेला बसवलंस आणि चष्माच काढून घेतलास!"

"रबरानं काय होणार, बाबा?"

"ते मला नाही सांगता येत. पण त्याच्याशिवाय नीट बसत नाही."

नव्या प्रेसची काडतुसे अटीत बसत नव्हती. माझ्यावर पुन्हा भरली, तर ती आधी उडवून पाहता येणार नव्हती. पाचच गोळ्या उरल्या होत्या. शेवटी तिने कचऱ्याचा डबा उपसला आणि क्लिप काढून, रबरबँड धुऊन मला बांधला आणि उरलेल्या पाच माझ्यावर भरल्या.

मित्रांनो, रविवारी शेडमध्ये मी एका बोल्टाने सैल उभा होतो. दाराबाहेर वाजणारी प्रत्येक गाडी भंगारवाल्याचीच वाटत होती. जुनी वस्तू जरूर पुसा. पण तिला काही विचित्र बांधलेले दिसले, तर सोडण्याआधी बांधणाऱ्याला विचारा.

दुपारी सिग्नेने निशाणाचा कागद माझ्या पायाशी ठेवला. "तूच मोज, बाबा."

आर्विडने कॅलिपर लावला. पाच छिद्रे. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतले अंतर ०.६८ इंच.