वीतभर दोरा

मायबापहो, जरा पुढे सरकून बसा, टाळ मांडीवर ठेवा. आंदर मावळातल्या एका न झाडलेल्या अंगणाची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण जवळून ऐकण्याजोगी.

धोंडाबाईने शेजारणीच्या, झुंबरबाईच्या हातातली केरसुणी ओढून घेतली.

झुंबरबाई म्हणाली, "अगं, कोंबड्यांनी अंगणाची काय दशा केलीया बघ! किती दिस असं ठेवनार?"

"गेणू माजा वाटंत हाय. पोचल्याबिगर केर काढायचा न्हाई."

"बोटीनं गेला तवाबी उकिरड्यात ऱ्हायलीस की!"

"मग? पोचल्याचा सांगावा आला का न्हाई?"

त्या वाडीची रीतच तशी. घरचं माणूस लांबच्या वाटेला लागलं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत केर काढायचा नाही. झाडलं तर त्याची वाट पुसली जाते. लढाईत जखमी झालेला धोंडाबाईचा मुलगा गेणू आता बसऱ्याहून विमानाने घरी निघाला होता. वडगावच्या दिगंबर मास्तरांनी तो निरोप आणला, तेव्हा शाळेचा नकाशा ओट्यावर पसरून त्यांनी त्यावर दोरा धरला होता. बसऱ्याहून कराची, कराचीहून मुंबई.

"एवढंसंच?" धोंडाबाईने दोरा आपल्या वितीला लावून पाहिला होता.

"मावशी, बोटीला पंधरवडा लागतो तिथं विमानाला दोन दिवस. तेही कराचीत रात्रीचा मुक्काम धरून."

"इमान म्या किर्तनातच ऐकल्यालं. देवाकडं नेतंय म्हनं. घरला आनतंय हे आजच कळलं," असं म्हणून ती हसली होती. दोरा मागून घेऊन तिने मनगटाला बांधला होता.

ते दोन दिवस सरले. त्यावरही दिवस गेले.

केरसुणीची ती ओढाताण झाली त्या दिवशी झुंबरबाई अजून ओट्यावरच होती, तेवढ्यात मास्तर चढ चढून आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, ओठ सुकलेले. धोंडाबाई लगबगीने तांब्या भरून घेऊन आली.

"मास्तर, दोन दिस म्हनला व्हता."

"वारं आडवं असलं की वेळ लागतो, मावशी." मास्तर अंगणातल्या केराकडे बघत होते. "अंतर तेवढंच, पण समुद्रावर वारं फार..."

"पानी घ्या."

"घेतो."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. मग तो तसाच भरलेला ओट्याच्या कडेला ठेवला. मावळात मातीची, म्हणजे मरणाची, खबर आणणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही.

झुंबरबाईने तोंडाला पदर लावला.

धोंडाबाई त्या तांब्याकडे बघत राहिली. पाणी हलायचं थांबलं. मग तिने दातांनी गाठ सोडली, दोरा पुन्हा वितीवर ताणून धरला.

"वीतभरच व्हतं की वो, मास्तर."



तिने केरसुणी उचलली. झुंबरबाई पुढे झाली, "दे हिकडं, म्या काढते."

"ऱ्हाऊ दे. आता म्याच काढते."

आणि उंबऱ्यापासून पार पायवाटेच्या तोंडापर्यंत तिने अंगण झाडलं. कोंबड्या बाजूला होत गेल्या.

मायबापहो, तुमचं कुणी दूर गेलं आणि सुखरूप पोचल्याची खुशाली आली, तर देवाला हात जोडा. आणि केर काढण्याआधी, घडीभर का होईना, त्या धोंडाबाईच्या गेणूची आठवण काढा.