ओढीचं माप

या, जरा पुढे सरका. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेत त्यांनीही यावं. कीर्तनात बुवा वर्माच्या जागी आले की आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. ही गोष्ट तशीच हळू सांगायची आहे. एका शहाण्या माणसाची गोष्ट आहे. त्याचं शहाणपण जेवणघरात शिरलं, तिथून पुढे ऐका.

हा गृहस्थ कॉलेजात माहिती प्रणाली शिकवायचा. दुकानातला माल, दवाखान्यातले रोगी, ग्रंथालयातली पुस्तकं, या सगळ्याची नोंद संगणकावर कशी ठेवावी आणि हवी तेव्हा कशी काढावी, त्याचं हे शास्त्र. उपयोगाचं खरं, पण कोरडं. पोरं जांभया देत. तेव्हा पोरांना अभ्यासाची ओढ कशाने लागते, यावरच त्याने डॉक्टरेटसाठी संशोधन हाती घेतलं. इथवर कोण नावं ठेवील? पण उत्तर त्याने आधीच पक्कं केलं होतं. ओढ लाजेने लागते.

म्हणून प्रयोगशाळेच्या दाराशी मोठा पडदा लागला. रोजच्या चाचणीचे गुण त्यावर नावानिशी झळकायचे. वरची नावं हिरवी, तळातली लाल. तो त्याला आरसा म्हणे. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "आरशावर काय रागावता, तोंड धुऊन या." पोरं हसत. कोण हसलं नाही, हेही त्याच्या ध्यानात राही.

आता घराकडे चला. त्याचा मुलगा आणि त्याची भाची त्याच्याच कॉलेजात, एकाच वर्गात होती. धाकटी बहीण गेली तेव्हा तिच्या मुलीला त्याने आपल्या घरी आणलं. फी, पुस्तकं, कपडालत्ता, कशात हात आखडला नाही. शेजारीपाजारी त्याचे गोडवे गात आणि ते खोटं नव्हतं. फक्त आरसा घरी आला. जेवायला बसताना दोघांनी आपापला आकडा सांगायचा. वरच्या आकड्याला ताट आधी. खालच्याने वरच्याचं जेवण होईपर्यंत थांबायचं, तेही त्याच्या समोर बसून. उपाशी थोडंच ठेवतोय, थांबायला शिकवतोय, असं मामाचं म्हणणं. मुलगा सुरुवातीला चुळबुळला, मग खाली मान घालून भराभर जेवायला शिकला. आकडा बहुतेक भाचीचाच खाली असे. मामी निवलेलं अन्न तिला वाढायची, भाताखाली जास्तीची भाजी दडवायची, आणि गप्प राहायची. एवढं शिकलेल्या माणसाच्या संशोधनात आपण काय तोंड घालायचं, असं तिला वाटे.

मग पोर कॉलेजातून उशिरा येऊ लागली. प्रयोगशाळेत कोण किती वेळ संगणकासमोर बसलं, हेही आरशामागची प्रणाली मोजत असे, आणि त्यात भाचीचा वेळ सगळ्यांच्या वर गेला. मामा हरखला. बायकोला म्हणाला, "बघ, तळातली पोर सगळ्यांत जास्त बसते. लाजेचा गुण."

मामीने विचारलं, मार्क वाढले का? तो म्हणाला, येतील मागून, आधी ओढ लागते. मामीला मात्र पोरीचे कपडे दिवसेंदिवस सैल होताना दिसत होते.

विद्यापीठातून परीक्षक बाई येण्याचा दिवस उजाडला. प्रबंध पसंत पडला तर हा आरसा बाकीच्या कॉलेजांतही लागणार होता. सकाळी मामाने भाचीला पढवलं. दोनच वाक्यं बोलायची होती: आरशामुळे मला गोडी लागली, आता उठवत नाही.

"मामा, मला नाही जमायचं ते," ती म्हणाली.

"अगं, दोन वाक्यं. नीट बोललीस तर आज तुझं ताट पहिलं."

त्याने हे गमतीत म्हटलं. मामी पोरीची वेणी घालत होती. तिचा हात मध्येच थांबला.

सभागृह भरलं. मामी दुसऱ्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. मामाने आलेख दाखवला, सगळ्यांत उंच रेघेवर बोट ठेवलं, ही माझीच भाची म्हणून सांगितलं आणि तिला पुढे बोलावलं. पण बाईंनी भलताच प्रश्न केला. त्यांनी विचारलं, एवढा वेळ बसून तू करतेस काय?

पोरीने मामाकडे पाहिलं. "सांग की बाळ, ठरलंय तसं," तो म्हणाला. थोडी खसखस पिकली.

"काही नाही करत," ती म्हणाली. "बसते."

"कशासाठी?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "उशीर केला की घरी सगळ्यांची जेवणं उरकलेली असतात. मग कुणाच्या समोर बसून थांबावं लागत नाही."

मामा हसला. पोर बावरलीय, आमची लाडकी आहे, जराशी नाटकी आहे, असं काहीबाही बोलत त्याने पुढचा आलेख लावला. बाईंनीही चष्मा सारखा केला. एवढ्यावर भागलंही असतं. मोठमोठी पापं अशाच एका हसण्यावर निभावून जातात. पोर जागेवर परतायला वळली.

तेव्हा मामी उभी राहिली. पुढच्या खुर्चीची पाठ तिने धरली होती.

"ती नाटकी नाही," मामी म्हणाली. "ते ताट मी वाढते."

"अगं, बस खाली. लोक बघतायत."

"बघू देत. आजपासून ताटं एकदम वाढीन, नाहीतर कुणालाच वाढणार नाही. अहो, तुम्हालासुद्धा."

परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला. तुम्ही बसणं मोजलंत, ओढ नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मामा आलेखाच्या उजेडात उभा राहिला. तो दुष्ट नव्हता हो, आणि खरी भीती तीच आहे. पोराच्या भल्यासाठी असं म्हटलं की आपल्याला काहीही करता येतं. देवाच्या दारी प्रसाद वाटताना कुणी गुण विचारत नाही. आपण आपल्या घरात विचारतो.

ती पोर तुमच्या मनातून जाणार नाही, तिची आठवण मी कशाला करून देऊ? मामीची आठवण ठेवा, एवढं मागणं आहे. ती उभी राहिली तेव्हाची सोडा. त्याआधीच्या संध्याकाळी आठवा, जेव्हा तिला सगळं दिसत होतं आणि ती वाढत होती.