रघुनाथरावांच्या कंबरेतला शेवटचा मणका

आज सकाळपासून आमच्या रामाकोना गावात धुकं आहे. अंगणातून बगीच्यातली संत्र्याची झाडंही दिसत नाहीत. अशा गारठ्यात म्हाताऱ्या हाडानं गुमान राहावं. पण बारा दिवस झाले, मालक खाट सोडत नाहीत, म्हणून बोलून राहिलो. मी रघुनाथरावांच्या कंबरेतला शेवटचा मणका.

माझा जन्म त्यांच्याच बरोबरचा. ते शाळेत गेले नाहीत, म्हणून मीही अडाणी राहिलो. ताठ उभं राहणं तेवढं शिकलो. माझ्याखाली एक मऊ गादी होती. तिच्यावर कित्येक वर्षं सावकारासारखा बसलो.

मालक देवमाणूस, खोड एकच. संत्र्याचं क्रेट उचलायला दोघं जण पुढे झाले की म्हणायचे, "सरका रे, तुमच्यानं नाही होत!" गुडघे वाकवायचं नाव नाही, कंबरेतूनच वाकायचे. वाहवा त्यांची व्हायची, करकरायचो मी.

मग उसण भरायची. उसण भरली की शेजारच्या देवकाबाई. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या. पायाळू माणसानं लाथ मारली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. मालक दारात वाकून उभे राहायचे, देवकाबाई तीन लाथा द्यायच्या, वर चहा घ्यायच्या. दोन दिवसांनी दुखणं आपसूक उतरायचं, मान मात्र त्यांच्या पायाला. लाथा खाणाऱ्याला कोण विचारतं?

यंदा मात्र सहा महिने दुखणं हटेना. मुलगा राजू त्यांना पांढुर्ण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, ठोकून पाहिलं, रक्त तपासलं, मग नागपूरला एमआरआय काढायला धाडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा फोटो निघाला.

रिपोर्ट राजूच्या मोबाइलवर आला. खालच्या मणक्याच्या मज्जेत बदल, असं त्यात होतं. मज्जा म्हणताच मालकांच्या मनात कॅन्सर आला. घरी येऊन खाटेवर पडले, आणि मालकिणीला, जयवंताबाईंना, मोटरपंपाची चाबी कुठं ठेवतात ते दाखवून ठेवलं. जयवंताबाई चुलीकडे तोंड करून रडल्या.

चौथ्या दिवशी राजूनं त्यांना पुन्हा पांढुर्ण्याला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "हे पाहा, बाबा. गादी झिजली, तिचा दाब हाडावर येऊन राहिला. म्हणून आतल्या मज्जेत सूज आहे. कॅन्सर नाही, टीबी नाही. वयानं अन् कामानं होते असं. पडून राहाल तं आखडून जाल. रोज चाला, दाखवतो तो व्यायाम करा, ओझं उचलू नका. गोळी लागली तरच घ्या. अन् ते लाथा मारणं बंद!"

मालकांनी मान हलवली, आणि घरी येऊन पुन्हा निजले. भीती माझ्याहून खोल बसते हो, तिचा फोटो निघत नाही.

नवी गादी मला मिळायची नाही, हे मला कळतं. पण चालतं ठेवलं तर झिजलेला मणकाही पुष्कळ वर्षं सोबत करतो. निजवून ठेवलं तर मात्र मी यांना पुन्हा बगीच्यापर्यंत नेईन, याचा भरवसा नाही.

आत्ता देवकाबाई आल्या. मालक कुशीवर वळले. "देवकाबाई, एक डाव लाथ मारून पाहा ना. डॉक्टरले काय समजते?"

"डॉक्टर नाही म्हणते, अन् यायले लाथच पायजे!" जयवंताबाई कडाडल्या.

देवकाबाईंनी चपला काढल्या. मी जीव मुठीत धरला. त्यांनी पाय उचलला, तो खाटेच्या खुरावर आपटला, आणि स्वतःच कळवळून गुडघा धरला. मग वाकून मालकांच्या कानाशी म्हणाल्या, "उठा, भाऊ. मलेही डॉक्टरनं रोज चालाले सांगतलं, एकटीले लाज वाटते. पण गावात बोलू नोका, पायाळूचेच पाय दुखतेत म्हणून."